ब्राउझरचा हिशेब आणि सर्व्हरचा निर्णय : या चुका टाळा

हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारे एक छोटे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. ग्राहक पेटी निवडतो, पानावरील जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) नग आणि दर यांचा गुणाकार करून एकूण रक्कम दाखवते आणि ‘ऑर्डर नोंदवा’ दाबताच तीच रक्कम सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे जाते. सर्व्हर ती जशीच्या तशी डेटाबेसमध्ये लिहितो आणि पेमेंट गेटवेकडे (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडे) पाठवतो. चाचणीच्या वेळी सगळे सुरळीत चालते. मात्र एफ १२ ही कळ दाबून ब्राउझरची डेव्हलपर साधने उघडणाऱ्या आणि रिक्वेस्टमधील, म्हणजे सर्व्हरला जाणाऱ्या मागणीतील, १८०० चे १८ करणाऱ्या पहिल्याच ग्राहकाला पेटी १८ रुपयांत मिळते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदींत) कुठेही वावगे काही दिसत नाही.

रक्कम पानावर मोजण्यात गैर काहीच नाही, कारण ग्राहकाला ती लगेच दिसायलाच हवी. चूक होते ती ब्राउझरकडून आलेली रक्कम खरी मानण्यात. सर्व्हरने केवळ मालाचा क्रमांक आणि नग एवढेच स्वीकारावे, दर स्वतःच्या तक्त्यातून घ्यावा आणि हिशेब पुन्हा करावा. नग शून्याहून मोठा पूर्णांक आहे की नाही, हेही तिथेच पाहावे, नाहीतर उणे २ पेट्या मागवून एकूण बिल कमी करता येते. हिडन फील्ड (पानावर न दिसणारा रकाना), केवळ वाचता येणारा रकाना, निष्क्रिय केलेले बटण किंवा मिनिफाय केलेला (आकसून वाचायला अवघड झालेला) कोड यांपैकी कशानेही फरक पडत नाही, कारण ब्राउझर हे ग्राहकाच्या मालकीचे यंत्र आहे आणि ग्राहकाने ब्राउझर वापरलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. कर्ल या कमांड लाइनवरच्या साधनाने एका ओळीत तीच रिक्वेस्ट पाठवता येते.

अधिकारांच्या बाबतीत हीच चूक अधिक महाग पडते. ‘सर्व ऑर्डर पाहा’ हे बटण सामान्य ग्राहकापासून लपवले, पण त्यामागच्या एपीआयने, म्हणजे मागितलेली माहिती देणाऱ्या सर्व्हरवरच्या भागाने, विचारणाऱ्याची ओळखच पाहिली नाही, तर वेब-पत्त्यातील ऑर्डर क्रमांक १०४२ च्या जागी १०४३ टाकून कोणालाही दुसऱ्याचे नाव, पत्ता आणि फोन वाचता येतो. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत अधिकार-तपासणीतील त्रुटी पहिल्या क्रमांकावर होत्या, याचे नवल वाटू नये. तपासणी सर्व्हरवर असली तरी ती नेमकी कुठे आहे, हेही पाहावे लागते. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएस या संकेतस्थळे बांधण्याच्या फ्रेमवर्कमधील एक दोष उघड झाला, ज्यात रिक्वेस्टला एक विशिष्ट हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) जोडल्यास मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट मूळ कोडपर्यंत पोहोचण्याआधी चालणारा भाग, वगळले जात असे; ज्यांनी अधिकारांची सारी भिस्त मिडलवेअरवरच ठेवली होती, त्यांची दारे त्यामुळे उघडी पडली. म्हणून ‘ही ऑर्डर याच ग्राहकाची आहे का’ हा प्रश्न डेटा वाचणाऱ्या क्वेरीजवळच (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेजवळच) विचारावा.

येथे सीओआरएसविषयीचा, म्हणजे एका संकेतस्थळावरच्या पानाला दुसऱ्या संकेतस्थळाचे उत्तर वाचू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या ब्राउझरच्या नियमाविषयीचा, एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘पोस्टमनमध्ये चालते, ब्राउझरमध्ये चालत नाही’ अशी तक्रार आली (पोस्टमन हे रिक्वेस्ट पाठवून पाहण्याचे साधन आहे) की, बहुतेक वेळा कारण सीओआरएस हेच असते: हे बंधन ब्राउझर पाळतो, पोस्टमन पाळत नाही. त्यामुळे सीओआरएसला एपीआयचे कुलूप समजणे चूक आहे, आणि अडचण सुटावी म्हणून सर्व संकेतस्थळांना परवानगी देऊन टाकणे हीदेखील चूकच आहे.

तपासणी दोन्हीकडे ठेवल्यावर वेगळीच डोकेदुखी सुरू होते, ती दोन्हींचे नियम जुळत नसल्याची. मराठी मजकुरात ती हमखास भेटते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ५ सांगते, तर पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेतील एसटीआरलेन हे फंक्शन १५ सांगते, कारण ते बाइट (साठवणुकीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. वाचणाऱ्याला मात्र त्यात तीनच अक्षरे दिसतात. परिणामी १०० ची मर्यादा असलेला पत्ता ब्राउझर आनंदाने स्वीकारतो आणि सर्व्हर ३५-४० चिन्हांतच ‘पत्ता फार मोठा आहे’ म्हणून नाकारतो. उपाय म्हणजे चिन्हे मोजणारे एमबी_एसटीआरलेन वापरणे. आकड्यांचीही तीच कथा आहे. मजकुराच्या रकान्यात कोणी देवनागरी ‘२’ लिहिला, तर त्याचे रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये अपयशी ठरते, पायथनमध्ये २ होते आणि पीएचपीच्या साध्या कास्टमध्ये (मजकुराचा आकडा करण्याच्या क्रियेत) चक्क ० होते. नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालवणाऱ्या नियमाबद्दल तर बोलायलाच नको. मर्यादा कोणती आणि ती कशात मोजायची, हे आधी एकदा लिहून काढावे आणि दोन्हीकडच्या चाचण्यांत मराठी नमुने घालावेत.

तारखांचा घोळही याच जातीचा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल आणि दिवस त्यानुसार ठरत असेल, तर भारतात मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत आलेल्या ऑर्डर आदल्या दिवशीच्या हिशेबात जातात. उलट, ‘२०२५-०४-०१’ एवढीच तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली, तर ती यूटीसीतील मध्यरात्र मानली जाते. त्यामुळे न्यू जर्सीहून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणाऱ्या मुलीला पोहोचवण्याचा दिवस ३१ मार्च दिसतो. ऑर्डरची मुदत संपली की नाही, हे मात्र ग्राहकाच्या घड्याळाला कधीही विचारू नये. ते कोणालाही मागे करता येते.

गुप्त की (सेवा वापरण्याच्या किल्ल्या) क्लायंटच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, कोडमध्ये ठेवू नयेत, हे सर्वांना ठाऊक असते; तरीही व्हीट या पानाचा कोड बांधण्याच्या साधनात ‘व्हीआयटीई’ या उपसर्गाचे व्हेरिएबल कोडमध्ये वापरले की ते बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला मिळणाऱ्या फाइलमध्ये, उतरते, हे विसरले जाते.

दोनदा बटण दाबल्याने दोन ऑर्डर पडतात, तेव्हा बटण निष्क्रिय करणे ही फक्त सोय असते. नेटवर्क मंद असताना रिक्वेस्ट पुन्हा जाऊ शकते, म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत एक अनन्य क्रमांक पाठवावा आणि तो डेटाबेसमध्ये युनिक ठेवावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. शेवटची पेटी दोघांना विकली जाऊ नये यासाठी साठा आधी वाचून मग कमी करण्याऐवजी, ‘साठा पुरेसा असेल तरच कमी कर’ अशी एकच अपडेट क्वेरी चालवावी.

या साऱ्याचा धसका घेऊन प्रत्येक कळ दाबताच सर्व्हरला विचारणारा फॉर्म करणे, हे दुसरे टोक झाले. पिनकोड सहा अंकी आहे का, एवढे पानावरच कळू द्यावे. त्या भागात पेटी पोहोचते का, हे सर्व्हरने सांगावे.

बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे कळत नसेल, तर अंदाज बांधण्याआधी डेव्हलपर साधनांतील नेटवर्क टॅब (गेलेल्या रिक्वेस्टची यादी) उघडावा. रिक्वेस्ट गेलीच नसेल, तर दोष पानावरच्या कोडमध्ये शोधावा आणि चुकांचे संदेश दाखवणारा कन्सोल पाहावा. ती गेली आणि उत्तराचा संकेतांक ५०० (सर्व्हरमधील बिघाड) आला, तर सर्व्हरचा लॉग उघडावा. ४०० किंवा ४२२ (पाठवलेली माहिती अमान्य) आला, तर पाठवलेला मजकूर आणि सर्व्हरचा नियम शेजारी ठेवून वाचावेत. संकेतांक २०० (यशस्वी) असून उत्तरातील माहितीही बरोबर असेल, तर चूक दाखवण्यात आहे; माहितीच चुकीची असेल, तर तीच रिक्वेस्ट कर्लने पुन्हा पाठवावी, म्हणजे पानावरचा कोड बाजूला होतो आणि उरते ते फक्त सर्व्हरचे वागणे.