अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे काय? इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

पुतण्याच्या मार्कशीटवर आडनावाचं स्पेलिंग चुकलं, म्हणून मागच्या महिन्यात सिव्हिल लाईन्सला कोर्टाजवळ अ‍ॅफिडेव्हिट करायला गेलो. टाईप करणाऱ्या काकांना सहज विचारलं की हा शब्द आला कुठून, तर म्हणे, "सही करा न भाऊ, अर्थ कायले पाहता?" सही केली, पण डोक्यातून जाईना, मग घरी येऊन शोधत बसलो. तुम्हालाही असं काही शोधायचं असेल तर हे बघा.

आधी वापरातला अर्थ पक्का करा. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे नोटरीसारख्या अधिकार असलेल्या माणसासमोर शपथेवर दिलेलं लेखी निवेदन, आपल्याकडे प्रतिज्ञापत्र किंवा शपथपत्र म्हणतात ते.

मग चांगली डिक्शनरी उघडा, मोबाईलवर एटिमऑनलाईन फुकट आहे, आणि शब्द कोणत्या भाषेतून आला ते पहा. हा निघाला मध्ययुगीन लॅटिन, इंग्रजीत आला सोळाव्या शतकाच्या शेवटी.

आता खरी मजा, शब्द फोडा. फिदेस म्हणजे विश्वास, त्याला पुढे 'अद' हा उपसर्ग लागला, आणि फ समोर आल्यामुळे अदचा झाला अफ. हे आपल्याला नवीन नाही, उत् + लेख = उल्लेख शाळेत पाठ केलंच आहे, लॅटिनवाले पण तेच करत होते! शेवटचं 'विट' दाखवतं की काम झालंय, करणारा तिसराच कुणीतरी. म्हणजे अख्खा शब्द हे एक वाक्यच आहे, "त्याने शपथेवर सांगितलं आहे". आपल्या कागदावर मात्र सुरुवातच "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की" अशी असते, त्यामुळे मला तर हे वाचून हसूच आलं.

त्यानंतर भावंडं शोधा, अर्थ मग विसरत नाही. शाळेतून आणतो ते बोनाफाईड (चांगल्या विश्वासाने), कॉन्फिडन्स, आणि साखरपुडा झालेल्यांचा फियान्से, सगळे फिदेसच्याच घरचे.

पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये 'फी' ऐकू येते आणि नोटरी फी घेतोसुद्धा, तरी तो फी शब्द वेगळ्याच खानदानातला आहे, डिक्शनरीत दोन्ही पाहिल्याशिवाय नातं जोडायचं नाही.

शेवटी त्याच कागदावरचा दुसरा शब्द घेऊन हात साफ करा. मी सहीखालचा 'डिपोनंट' घेतला. लॅटिनमध्ये डे म्हणजे खाली, पोनेरे म्हणजे ठेवणे, आपलं म्हणणं कोर्टापुढे ठेवणारा तो डिपोनंट. बँकेतलं डिपॉझिट याचंच भावंड. आता पुतण्याच्या टीसीसाठी अ‍ॅफिडेव्हिट करायला परत जायचंय, तेव्हा काकांना नोटरीचं मूळ सांगतो, रोममध्ये भराभर लिहून घेणाऱ्या कारकुनाला नोटारियस म्हणत, म्हणजे हा शब्द खरं तर काकांच्याच खुर्चीचा.