उसाची ट्रॉली ओढताना या चुका टाळा

उसाचा हंगाम सुरू झाला की नव्या ड्रायव्हरांच्या त्याच चुका पुन्हा बघाव्या लागतात. सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे उतारावर न्यूट्रल करणं. डिझेल वाचतं म्हणतात, पण गिअर काढला की इंजिन गाडीला मागं धरत नाही. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा, मागची भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो.

आमच्या खिंडीत एका पोरानं दोन भरलेल्या ट्रॉल्यांनिशी असंच केलं. मी मोटारसायकलवर मागं होतो. वेग वाढल्यावर तो गिअर टाकायला गेला, तर गिअर नुसता खरखरला, पडेना. मग त्यानं ब्रेक दाबला. ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉल्या ढकलतायत. त्यात ब्रेकच्या दोन पेडलांची कडी सुटलेली. शेतात वळताना एकाच चाकाला ब्रेक लावता यावा म्हणून ती वेगळी ठेवतात, रस्त्यावर येताना जोडायची असतात. एकच चाक धरलं, ट्रॅक्टर गर्रकन आडवा झाला आणि पुढची ट्रॉली मडगार्ड चेपत मोठ्या चाकावर चढली. पोरगं बांधापलीकडं फेकलं गेलं म्हणून जगलं.

मी उतार लागायच्या आधीच थांबतो. पेडलांची कडी हातानं हलवून बघतो. तोच चढ ज्या गिअरात चढलो असतो, त्याच गिअरात उतरतो, आणि तळाला पोचेपर्यंत क्लचला पाय लावत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. घाई असणाऱ्यानं ऊस वाहूच नये.

हुकात पिनीऐवजी सळईचा तुकडा घालू नका. पिनीला खालून क्लिप हवीच, शिवाय साखळीही बांधा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या दांडीवर कुणालाही बसवू नका.

चिखलात रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या हुकालाच लावा. उंचावर बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो.

गाणी बंद ठेवा. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकला जातो, तेव्हा भरून झाल्यावर मागं जाऊन बघा.

पंक्चर काढताना चाकाला लावलेले दगड रस्त्यातच टाकून निघून जाणं मला अजिबात खपत नाही. अंधारात दुचाकीवाल्याला तो दगड दिसत नाही. ते कडेला टाकल्याशिवाय मी सोबतच्या पोराला ट्रॅक्टरवर चढू देत नाही.