कॅल्क्युलसचं मोफत पुस्तक निवडताना मी आधी साखळी नियमाचं पान उघडतो

मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. माझी मुलं बारावीला सीईटीसाठी विकलनाची (डिफरन्सिएशनची) सूत्रं पाठ करून आलेली असतात. सूत्र येतं, पण ते तसं का, हे कुणी विचारलेलंच नसतं. त्यांच्यासाठी मोफत पुस्तक शोधताना अनुक्रमणिकेवरून निवड करू नका. अनुक्रमणिका सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

मी थेट साखळी नियमाचा (चेन रूल, म्हणजे एका फलाच्या आत दुसरं फल असताना विकलन करायची रीत) धडा काढतो, कारण माझ्या वर्गातली सगळ्यात जास्त चूक तिथे होते. फळ्यावर (3x+1)⁵ लिहा आणि विकलज विचारा. निम्मी मुलं 5(3x+1)⁴ लिहून थांबतात, आतल्या 3x+1 च्या विकलनातून येणाऱ्या 3 नं गुणायचं राहून जातं. पुस्तक त्या 3 बद्दल काय सांगतं ते वाचा. आधी सूत्र आणि मग वीस उदाहरणं असतील, तर तसं पुस्तक मुलांनी बारावीत पाहिलेलं आहे. एक राशी दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर अवलंबून आहे, म्हणून बदलाच्या दरांचा गुणाकार होतो, हे जे पुस्तक दाखवतं ते पुढे वाचायचं.

त्यानंतर ते पान एका मध्यम विद्यार्थ्याच्या हातात द्या. हुशार मुलाला देऊ नका, तो कुठल्याही पुस्तकातून शिकतो. शेजारी बसा, काही समजावू नका. गेल्या वर्षी एक मुलगी दुसऱ्याच ओळीवर थांबली आणि म्हणाली, "सर, हा u मध्येच कुठून आला?" त्या पुस्तकात एक पायरी गाळलेली होती. मी ते दहादा वाचलं होतं, पण मला ती पायरी न लिहिताही दिसत होती, म्हणून गाळलेली कळलीच नाही.

आता माझ्या वापरातली पुस्तकं. ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस तीन खंडांत आहे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा हा प्रकल्प, लेखक गिल्बर्ट स्ट्रँग आणि एडविन हर्मन. सोडवलेल्या उदाहरणानंतर लगेच तसंच एक स्वतः करायला दिलेलं असतं, घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. मात्र पहिल्या खंडात घातांकी आणि लॉगॅरिदमिक फलांचं विकलन त्या प्रकरणाच्या अगदी शेवटी येतं. आपल्या मुलांना ते आधीच ठाऊक असल्यामुळे क्रम थोडा बदलून शिकवावा लागतो.

सरावासाठी माझी पहिली पसंती सीएलपी नावाच्या पुस्तकांना. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या फेल्डमन, रेक्निट्झर आणि येगर यांचं हे काम. गणितांचं वेगळं पुस्तक आहे, आणि त्यात आधी इशारा, मग उत्तर, मग पूर्ण रीत, असं वेगवेगळं दिलंय. अडलेल्या मुलानं इशारा बघायचा, पुन्हा झटायचं, आणि अगदीच जमलं नाही तर रीत उघडायची. आमच्याकडे क्लास परवडत नाही अशा मुलांना यानं खरा आधार मिळतो. मॅट बोल्किन्स यांचं अ‍ॅक्टिव्ह कॅल्क्युलस वेगळ्या जातीचं आहे. तिथे प्रत्येक धडा मुलांनी आधी करून यायच्या कृतीनं सुरू होतो. वर्गात चर्चा करायला उत्तम, पण एकट्यानं वाचायला मी ते देत नाही.

फुकट आणि मुक्त यांतला फरक इथे नीट लक्षात घ्या. नेटवर फुकट मिळणारी कितीतरी टिपणं वाचायला चांगली असतात, पण त्यांत फेरफार करून वाटायची परवानगी नसते. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना शोधा, म्हणजे पुस्तक कसं वापरता येईल हे आधीच सांगणारा परवाना. 'बीवाय' म्हणजे मूळ लेखकाचं नाव द्यायचं, 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी वापरायचं नाही, 'एसए' म्हणजे बदललेली प्रतही त्याच अटींवर खुली ठेवायची. 'एनडी' दिसलं तर बदललेली किंवा भाषांतर केलेली प्रत वाटता येत नाही, त्यामुळे मराठी टिपणं जोडायचा बेत असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा.

मला हा बदलाचा हक्क फार मोलाचा वाटतो. साखळी नियमाच्या धड्यात मी आमच्या शिपाईमामांची सायकल घातली आहे. पुढच्या चक्रीला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे 44/18, साधारण 2.44 फेरे. चाकाचा घेर सव्वादोन मीटर, म्हणून पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. मुलांनी अंगणात खडूनं खूण करून ते मोजलं, आणि दोन दरांचा गुणाकार का करायचा हे त्यानंतर कुणी विचारलं नाही.

शेवटचं, छपाईचं. पहिल्या वर्षी मी सबंध पीडीएफ ग्रुपवर टाकली. महिन्याभरानं विचारलं तर ती उघडून वाचणारे दोनच निघाले. मोबाइलवर ती पानं फार बारीक दिसतात, आणि गणित वाचताना हाताशी पेन लागतं. आता मी आठवड्याला एकच भाग देतो, आठ-दहा पानं, दोन्ही बाजूंनी झेरॉक्स, उजवीकडे रुंद समास सोडून. खर्च होईल तेवढेच पैसे घेतो. पहिल्या पानावर मूळ लेखकांची नावं, परवाना आणि मी काय बदललं ते लिहितो. समासात मुलं जिथे अडली तिथे फुली मारतात. शनिवारी ती पानं गोळा करतो, आणि जिथे सगळ्यात जास्त फुल्या तो उतारा पुढच्या वर्षीसाठी पुन्हा लिहितो.