काकींचं पहिलं पुण्यस्मरण कसं करायचं: फ्लेक्सच्या आधीची कामं

आपल्या सातारा-सांगलीकडं पुढाऱ्याच्या घरातली बाई, म्हणजे सगळ्यांच्या काकी, गेली की वर्षश्राद्धाला तीन गोष्टी ठरलेल्या असतात, चौकात फ्लेक्स, दुपारी बाराला फुलं आणि पेपरात जाहिरात. करा की, त्याला कोण नाही म्हणतंय. पण तो फ्लेक्स कधी नीट बघितलाय का? साहेबांचा, म्हणजे पुढाऱ्याचा, फोटो सगळ्यात मोठा, खाली पुढच्या इलेक्शनच्या इच्छुकांची रांग, आणि जिचं पुण्यस्मरण आहे तिचा फोटो कुठल्यातरी लग्नाच्या अल्बममधनं कापून काढलेला, खांद्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी शालूचा काठ चिकटलेला. मजकूर काय तर प्रेमळ, मायाळू, त्यागमूर्ती. नाव बदललं तर कुणाच्याही आईला चालेल असा. तर ज्या सुना, पोरं, कार्यकर्ते हे काम अंगावर घेणारेत त्यांच्यासाठी लिहितेय, दोन-तीन महिने आधी सुरू करा म्हणजे पळापळ होत नाही.

पहिलं काम म्हणजे स्मरणिकेसाठी काकींनी नेमकं काय केलं ते गोळा करायचं, आणि ते साहेबांना विचारून कळत नाही हे आधीच सांगते. साहेब मुंबईत नाहीतर दौऱ्यावर, सकाळी सातपासनं वाड्यावर येणारी माणसं काकीच बघत होत्या. कुणाचं पोरगं मिरजेला ॲडमिट, कुणाची बदली, कुणाच्या लेकीला सासरी त्रास, सगळं त्यांच्या कानावर आधी जायचं आणि साहेबांच्या कानावर किती घालायचं ते त्या ठरवायच्या. त्यामुळं विचारायचं कुणाला तर ड्रायव्हरला, स्वयंपाकाच्या मावशींना, जुन्या पीएला, महिला मंडळाच्या बायकांना, शेजारच्या गावातल्या आशाताई-अंगणवाडीताईंना. प्रश्न "काकी कशा होत्या" असा टाकलात की उत्तर येतं "देवमाणूस होत्या", संपलं. त्यापेक्षा विचारा, तुम्ही काय काम घेऊन गेला होता, कितव्या वर्षी, दार कुणी उघडलं, काकींनी कुणाला फोन लावला, काम झालं का. आणि झालं नसेल तरी लिहून घ्या. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा पण आधी विचारून, आणि कुणाच्या घरातली भानगड, आजारपण असलं काही असेल तर छापताना नावगाव काढायचं म्हणजे काढायचं.

एवढा खटाटोप कशाला म्हणाल तर कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, लक्ष्मीबाईंचं बघा. त्या १९३० ला गेल्या, पण अण्णांच्या बोर्डिंगच्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही, ही गोष्ट साताऱ्यातल्या शाळकरी पोरालाही माहितीय. "त्यांना समाजकार्याची आवड होती" एवढंच कुणी लिहून ठेवलं असतं तर आज कुणी ओळखलं असतं? तसली एक गोष्ट काकींची शोधायची. एवढी मोठी नसेल, वस्तीवरच्या नळासाठी सरपंचाशी घातलेला वाद असेल, चालेल. वादाची असली तर उलट बरंच.

काकी स्वतः पदावर असतील तर कागद मिळतात. नगरपालिका, पंचायत समिती, झेडपीची जुनी इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका. खासदार असतील तर लोकसभेतली भाषणं संसदेच्या डिजिटल लायब्ररीत सापडतात. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाणांसारखं ज्यांचं आहे, नवरा खासदार, ते १९७३ ला गेल्यावर त्या स्वतः निवडून आल्या आणि पुढं प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्षही झाल्या, तिथं "यांच्या पत्नी" हे ओळखीचं पहिलं वाक्य करू नका राव, दुसरं-तिसरं करा. पद नसलेल्यांचं मात्र घरातच शोधावं लागतं, वह्या, किराणाच्या यादीमागं लिहिलेले फोन नंबर, लग्नपत्रिका, बायकांची आलेली पत्रं. फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआयला करा आणि कोण कोण उभंय ते म्हाताऱ्या माणसांना विचारून मागं शिसपेन्सिलनं लिहा, बॉलपेन नको, ठसा पुढं उमटतो. सांगलीकरांना तर सांगायलाच नको, ऑगस्ट २०१९ च्या पुरात किती घरांचे अल्बम गेले. एक कॉपी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं ठेवा.

माहेरचं नाव, माहेरचं गाव, शिक्षण हे स्मरणिकेत पाहिजेच. वेणूताई चव्हाण फलटणच्या मोऱ्यांच्या, जून १९४२ ला लग्न झालं आणि दोन महिन्यात बेचाळीसची चळवळ पेटली, नवरा यशवंतराव भूमिगत, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत या नव्या नवरीला पोलिसांनी पकडून नेलं. म्हणजे तुरुंगवास त्यांचा स्वतःचा आहे, नवऱ्याच्या चरित्रातली तळटीप नव्हे. त्या १ जून १९८३ ला गेल्या, यशवंतराव पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला. कराडात वेणूताईंच्या नावानं जे स्मारक आहे तिथं यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह ठेवलाय, माणसं जाऊन वाचत बसतात. स्मारक म्हणलं की पुतळाच डोळ्यापुढं येणाऱ्यांनी एकदा तिथं जाऊन यावं. पुतळ्याला जागा, ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नंतर देखभाल कुणी करायची, आणि दहा वर्षांनी कावळे.

आता कार्यक्रम. सकाळी दहा ते बारा कीर्तन आणि बाराला फुलं हे तर असणारच. फक्त महाराजांना आदल्या दिवशी अर्धं पान लिहून द्या, काकींच्या दोन खऱ्या गोष्टी, नावं-गावं बरोबर. नाहीतर महाराज अभंगावर दीड तास सुंदर बोलतात आणि शेवटी "माउलींनी संसार नेटका केला" म्हणून फुलं टाकायला सांगतात, त्यांची तरी काय चूक, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. भाषणं ठेवायची तर तीनच. सांत्वनाला आलेला प्रत्येक आमदार बोलायला उठला की बायका जेवणाच्या पंगतीकडं बघायला लागतात. त्यापेक्षा आधी गोळा केलेल्यातल्या दोघी-तिघी बायकांना बोलवा, स्टेजवर चढायला लाजतात म्हणून माइक खाली त्यांच्या जागेवर न्या, पाच-पाच मिनिटं. हार-तुरे, मानपान जेवढे कमी तेवढं बरं. आचारसंहिता लागलेली असेल तर हॉल आणि जेवणाच्या खर्चाचं आधी तहसीलमध्ये विचारून घ्या, आणि इच्छुकांचे फोटो तर अजिबातच नकोत.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन. पुढाऱ्याच्या घरच्या बाईचं निम्मं राजकारण हळदीकुंकवात व्हायचं, हजार बायका एका दुपारी भेटायच्या, वाण घ्यायच्या आणि कानात कामं सांगायच्या. तेव्हा काकींच्या नावानं दरवर्षी काही करायचं तर हेच करा, पण विधवा बायकांना बोलावून, पहिल्या रांगेत बसवून. मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, म्हणजे हे काही जगावेगळं नाही. कुणी म्हातारी नाक मुरडेल. मुरडू दे.

रक्तदान शिबिर सगळेच घेतात, घ्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, एवढं आधी ग्रुपवर टाका, कारण बायका हौसेनं येतात आणि हिमोग्लोबिनवर परत जातात. म्हणून त्याच मांडवात बायकांची रक्ततपासणी ठेवली तर जास्त उपयोग होतो.

पैसे जमले तर लगेच नवीन ट्रस्ट काढू नका. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, मग दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की धर्मादाय ऑफिसला चेंज रिपोर्ट, पहिल्या वर्षाचा उत्साह संपला की हे सगळं एकाच सुनेच्या गळ्यात पडतं. गावच्या हायस्कूलला ठेव द्या. १ लाखाची एफडी, व्याज साडेसहा टक्के धरलं तर वर्षाला ६,५०० रुपये येतात, एका मुलीची एसटी, वह्या आणि परीक्षा फी आरामात भागते. संस्थेकडनं लेखी घ्या की मुद्दल मोडायचं नाही, बक्षीस कुणाला द्यायचं ते शाळाच ठरवणार आणि घरातल्या कुणाची शिफारस चालणार नाही. पहिल्या नंबरवालीला नको, तिला तशीही चार बक्षिसं असतात, वाडीवस्तीवरनं चालत येणारीला द्या. साहेबांना पटवायला जरा वेळ लागेल, त्यांना नाव मोठ्या पाटीवर पाहिजे असतं.

स्मरणिका ४८ पानांपेक्षा जाड नको, शुभेच्छांच्या जाहिराती मागच्या आठ पानांत. छापून झाली की ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांना आधी घरपोच द्या, पुढाऱ्यांना नंतर. दोन प्रती नगरवाचनालयात, एक तालुक्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत, एक काकींच्या माहेरच्या शाळेत, आणि प्रत्येक ठिकाणी दाखल नोंद करून घ्या, नुसती टेबलावर ठेवून आलात तर ती रद्दीत जाते.