सकाळचे कोरडे तोंड आणि रात्रीचा अडलेला श्वास

सकाळी उठल्यावर चूळ भरण्यापूर्वी एकदा उजेडात, आरशासमोर तोंड उघडून पाहावे. जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाटते का, तिच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटून ती नागमोडी दिसते का, दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले आहेत का आणि जबडा किंवा कानशिले दुखतात का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. यांपैकी एखादे लक्षण एकटे असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्यांच्या जोडीला मोठ्याने घोरणे, झोपेत गुदमरल्यासारखे होऊन जाग येणे किंवा दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराची, शंका घ्यायला हवी. घोरता घोरता आवाज मध्येच थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावे, कारण ज्याचा श्वास अडतो त्याला स्वतःला त्याचा पत्ता बहुधा नसतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद पडते. श्वास किमान १० सेकंद थांबला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे तासाला ५ ते १५ आले तर आजार सौम्य, १५ ते ३० आले तर मध्यम आणि त्याहून अधिक आले तर तीव्र मानला जातो. अशा झोपेत अनेकांचे तोंड उघडे राहते. झोपेत लाळ मुळातच कमी सुटते, त्यात तोंडाने श्वास सुरू राहिला की उरलेला ओलावाही वाळून जातो. अन्नाचे कण धुऊन नेणे आणि जिवाणूंनी तयार केलेले आम्ल सौम्य करणे ही लाळेची कामे अशा वेळी अपुरी पडतात. मग रोज नियमाने दात घासूनही कीड लागते, हिरड्या सुजतात आणि तोंडाला दुर्गंधी येते. जठरातील आम्ल रात्री वर येत असेल, तर दातांचे कठीण आवरण आणखी झिजते.

झोपेत दात खाण्याची सवय आणि स्लीप अ‍ॅप्निया एकाच व्यक्तीत आढळू शकतात. मात्र एकामुळेच दुसरे होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही व्यवहारात एक पथ्य पाळावेच, असे माझे मत आहे: दात झिजले म्हणून नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचे संरक्षक आवरण) बनवून घेण्याआधी आपण घोरतो का, हे दंतवैद्यांनी न विचारताही त्यांना सांगावे. केवळ वरच्या दातांवर बसणाऱ्या गार्डमुळे काही रुग्णांत श्वासाचा अडथळा वाढल्याचे दिसून आले आहे. दंतवैद्य शंका व्यक्त करू शकतात, परंतु निदान झोपेच्या तपासणीनंतर डॉक्टरच करतात.

निदान झाल्यावर सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र) सुचवले गेले, तर तोंड कोरडे पडण्याची तक्रार पुढेही राहू शकते. मास्कमधून हवा गळते का आणि झोपेत तोंड उघडे राहते का, हे आधी तपासून घ्यावे; यंत्राला आर्द्रता देणारी जोडणी लावून घ्यावी आणि नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार करावेत. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत, दातांच्या फटी स्वच्छ कराव्यात आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये. उशाशी ठेवायचे ते साधे पाणीच, कारण घसा कोरडा पडला म्हणून रात्री गोड गोळी चघळणे किंवा सरबताचा घोट घेणे म्हणजे किडीला आयते आमंत्रण. मद्याने तोंड कोरडे पडतेच, शिवाय घशाचे स्नायूही अधिक सैलावतात.

सौम्य किंवा मध्यम आजारात, तसेच सीपॅप सहन होत नसेल तेव्हा, खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवणारे तोंडातील उपकरण वापरता येते. ते दातांच्याच आधाराने बसत असल्यामुळे हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या आणि अर्धवट उपचार झालेली कीड यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. सुरुवातीला लाळ गळते आणि सकाळी जबडा अवघडतो. पुढे काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलूही शकते, म्हणून नियमित तपासणी टाळू नये. उपकरण रोज मऊ ब्रशने आणि कोमट किंवा थंड पाण्याने धुवावे, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. ते नीट बसू लागले आणि घोरण्याचा आवाज बंद झाला, तरी उपकरण लावून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण आवाज थांबूनही श्वास अडत राहू शकतो.