पायाला मुंग्या म्हटलं की लगेच कंबर धरू नका

"ताई, डीसी (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवायची अमेरिकेतली पदवी) करतोय, सोबत न्यूट्रिशनचं एखादं सर्टिफिकेट करून ठेवू का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. करा की. पण वीकेंडला हॉटेलच्या हॉलमध्ये होणाऱ्या त्या 'ब्रेन हेल्थ'वाल्या कोर्सला पैसे घालू नका, मी घातलेत. शेवटच्या दिवशी जेवण झालं की गोळ्यांचा कॅटलॉग वाटतात, तेव्हा कळतं कोर्स कशासाठी होता.

१८९५ साली डॅव्हनपोर्टला पामरने पहिल्यांदा मणका बसवून कायरोप्रॅक्टिक कसं सुरू केलं ते तुम्हाला पाठ असेलच, आणि लायसन्ससाठीच्या बोर्ड परीक्षेचे चार पार्ट कसे काढायचे ते सीनियर सांगतील. मी फक्त जिथे स्वतः तोंडावर आपटले तेवढंच लिहितेय.

अमेरिकेतली पहिली नोकरी, असोसिएट म्हणून, क्लिनिकचं नाव नको. काउंटरमागे सप्लिमेंटच्या बाटल्यांचं भलंमोठं कपाट, आणि आपल्या पेशंटने बाटली घेतली की आपल्याला कमिशन. डोक्यावर लोन, व्हिसा त्या नोकरीवर, त्यामुळे मीही विकत होते, खोटं कशाला बोलू. तिथे एक मराठी काका यायचे, साठी उलटलेले, पक्के शाकाहारी, दूध फक्त चहातलं, आणि डायबेटिससाठी मेटफॉर्मिन नऊ-दहा वर्षं चालू. दोन्ही पायांना मुंग्या येतात आणि हल्ली माणसांची नावं पटकन आठवत नाहीत म्हणाले. कंबर दुखत होतीच, साठीत कोणाची दुखत नाही, मी म्हटलं नस दबली असणार. सहा वेळा ॲडजस्ट केलं, म्हणजे हाताने दाब देऊन मणके बसवले, आणि वर 'नर्व्ह सपोर्ट'ची बाटली दिली. काका म्हणाले, "तू म्हणतेस तर घेतो, बाळा." ते 'बाळा' आठवलं की अजून पोटात कालवतं.

आता हे नीट वाचा, कारण परीक्षेत मला हे येत होतं आणि पेशंट समोर बसल्यावर आलं नाही. कंबरेत नस दबली तर त्रास बहुतेक वेळा एका पायात आणि ठरावीक पट्ट्यात उतरतो. दोन्ही पायांत सारख्या, बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवल्यासारख्या वर येणाऱ्या मुंग्या असतील तर कंबर सोडा, आधी रक्त तपासायला पाठवा. डायबेटिसनेही अगदी अशाच मुंग्या येतात, म्हणून तर अंदाजावर जायचं नाही. व्हिटॅमिन बी १२ वनस्पतींतून मिळत नाही आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की त्याचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणजे काका मला दोन्ही कारणं स्वतःच्या तोंडाने सांगत होते आणि मी मणके मोजत बसले होते. बी १२ फार दिवस कमी राहिलं की नसांवरचं मायलिनचं आवरण बिघडतं, मज्जारज्जूतलंसुद्धा, मग तोल जातो, विसरायला होतं.

बरं, मी दिलेल्या बाटलीत फॉलिक ॲसिड भरपूर. त्याने बी १२च्या कमतरतेतला ॲनिमिया सुधारतो, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, छान येतो, सगळे खूश, आणि आत नसा बिघडतच राहतात. शिवाय बी ६. त्याची दिवसाची वरची मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम धरतात, युरोपात २०२३ मध्ये ती १२ वर आणली, आणि मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर बी ६नेच हातापायाला मुंग्या येतात. मुंग्यांवरच्या गोळीनेच मुंग्या! लेबल मी बाटली विकल्यावर दीड महिन्याने वाचलं. काकांच्या फॅमिली डॉक्टरने बी १२ तपासलं, खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

घाबरू नका, हे सगळं शिकता येतं, आणि प्रत्येक मुंगी म्हणजे बी १२ असंही नाही. आठ दिवसांत नजर बसेल असं मात्र समजू नका, मला दोन वर्षं लागली.

मणका सरळ केला की मेंदू तल्लख होतो असं छातीठोक सांगणारे सर भेटतील, बोलतातही गोड. त्यांच्याकडून हात कसा ठेवायचा ते शिका, बाकीचं तिथेच सोडा. मेंदूसाठी जे थोडंफार सिद्ध झालंय ते कंटाळवाणं आहे. फिनलंडच्या फिंगर अभ्यासात ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र करून बघितलं, तेव्हा थोडा फरक दिसला. नुसत्या माइंड डाएटची, म्हणजे मेंदूसाठी म्हणून आखलेल्या आहाराची, तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये आली, त्यात कंट्रोल गटापेक्षा ठळक फरक निघाला नाही. म्हणून मी पेशंटला बाटली देत नाही, बीपी मोजते, झोप विचारते, संध्याकाळी चालायला सांगते. कमिशन शून्य.

आहाराचा सल्ला किती द्यायचा, रक्ताची टेस्ट स्वतः लिहायची का, हे राज्यागणिक बदलतं, लायसन्स घ्यायच्या आधी वाचून घ्या.

आणि ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा) खिशात ठेवा, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर लावून थरथर जाणवते का बघायला दहा सेकंद लागतात. १२८ हर्ट्झचाच घ्या, ५१२चा कानासाठी असतो, मी पहिल्यांदा तोच मागवला होता.