क्रिप्टोत नाव येत नाही, असे समजणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

म्हापशात मी हिशेब लिहिण्याचे काम करतो. बिटकॉइन किंवा यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले क्रिप्टो नाणे) यांचा घोळ घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येकजण मला सांगतो की, यात आपले नाव कुठेच येत नाही. वास्तविक 2009 पासूनचा बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कोणालाही पाहता येईल अशा खातेवहीत कायमचा नोंदलेला आहे. तिथे नावाऐवजी पत्ता, म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांब ओळ असते, एवढाच फरक. केवायसीसाठी पॅन दिलेल्या एक्स्चेंजवरील (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावरील) तुमच्या खात्याशी तो पत्ता एकदा जुळला, की त्या पत्त्यावरचे मागचे सगळे व्यवहार तुमच्या नावावर लागतात.

मांद्रे येथील एका परिचितांनी दोन खोल्यांचे हंगामाचे भाडे विदेशी पाहुण्याकडून यूएसडीटीमध्ये घेतले आणि एक्स्चेंजवरील कपात वाचवण्यासाठी ते टेलिग्रामवर भेटलेल्या माणसाला विकले. रक्कम यूपीआयने तीन वेगवेगळ्या नावांवरून आली, तेव्हाच त्यांनी थांबायला हवे होते. नऊ दिवसांनी मुलीची फी भरताना कळले की, परराज्यातील सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँक खाते गोठवले आहे, कारण ती रक्कम कुणाची तरी फसवणूक करून लुबाडलेली होती. खरेदीदार आपले खाते पुसून नाहीसा झाला होता. यांच्याकडे पुरावा म्हणून दोन स्क्रीनशॉट होते, आणि खाते मोकळे व्हायला पाच महिने लागले.

म्हणून मी केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विक्री करायला सांगतो आणि प्रत्येक व्यवहाराचा हॅश (खातेवहीतील त्याचा ओळख क्रमांक), तारीख व त्या दिवसाचा रुपयांतील भाव वहीत उतरवतो. हा कंटाळा ज्याला नको, त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

वॉलेट, म्हणजे नाण्यांचे डिजिटल पाकीट, ज्यांनी उघडते त्या 12 किंवा 24 शब्दांचा फोटो फोनमध्ये ठेवू नये. मी ते पेन्सिलीने लिहितो, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात शाई फुटते.

नाणी पाठवताना पत्त्याची केवळ पहिली व शेवटची अक्षरे ताडून पाहणे पुरेसे नाही, कारण भामटे नेमका तसाच दिसणारा पत्ता तुमच्या जुन्या व्यवहारांत पेरून ठेवतात. मी चार-चार अक्षरे मोठ्याने वाचतो आणि आधी अगदी लहान रक्कम पाठवतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत आणणारी बँक इथे नाही.

फसवणूक झालीच, तर लाजेने दोन दिवस घालवू नयेत. व्यवहाराचा हॅश हाताशी ठेवून त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.